एक्सएमएल कॉन्फिगमध्ये अ‍ॅट्रिब्यूट रकान्यात लावावेत का? (टॉवेल कारखान्याची फाईल, वाद पुण्याशी)

एमएचतेरा
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला मागांचं प्रॉडक्शन मोजायचं सॉफ्टवेअर दिलंय. प्रत्येक मागावर काउंटर, काउंटरवरून मॉडबसने (मशीनींनी आपसात बोलायची पद्धत) गेटवे, गेटवेवरून आमची सर्व्हिस. कुठला माग कुठल्या गेटवेवर, स्लेव्ह नंबर (त्या लाईनवरचा मागाचा पत्ता) किती, उत्तरासाठी किती मिलिसेकंद थांबायचं हे सगळं एका एक्सएमएल फाईलीत आहे. एका मागाला एक ओळ, ओळीतली प्रत्येक नाव="व्हॅल्यू" जोडी म्हणजे एक अ‍ॅट्रिब्यूट. मी ती अशी लावतो (टॅगची नावं मुद्दाम बदललीत, कस्टमरचं खरं काही इथे नको) :

```
<माग क्र="७"   गेटवे="१९२.१६८.१.२०"  स्लेव्ह="७"  थांबा="५००"  />
<माग क्र="८"   गेटवे="१९२.१६८.१.२०"  स्लेव्ह="८"  थांबा="५००"  />
<माग क्र="११२" गेटवे="१९२.१६८.१.१०४" स्लेव्ह="१२" थांबा="१५००" />
```

पुण्याची टीम आहे, त्यांच्याकडे कमिट करताना (बदल गिटमध्ये जमा करताना) फॉर्मॅटर चालतो (मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्रॅम), तो सगळ्या जास्तीच्या स्पेस खाऊन टाकतो आणि माझे रकाने गायब. परत लावले की रिव्ह्यूत कॉमेंट येते, व्हाइटस्पेसचा कचरा नको म्हणून. मला म्हणायचंय की ही फाईल टेबलासारखी आहे तर टेबलासारखी दिसू दे की. तुम्ही लोक काय करता? आणि स्पेस वाढवल्याने कुठे काही बिघडतं का?

कडकभाकरी
फाईल वाचणाऱ्या पार्सरला घंटा फरक पडत नाय बे. झोपा.

अर्धविराम
भाकरीराव बरोबर बोलले पण अर्धंच. एक्सएमएल १.० चं स्पेसिफिकेशन १९९८ च्या फेब्रुवारीत आलं तेव्हापासून टॅगच्या आत दोन अ‍ॅट्रिब्यूटच्या मधे कितीही स्पेस, टॅब, नवी ओळ चालते. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूलाही चालते. पार्सर ती वरच्या प्रोग्रॅमला सांगतच नाही, त्यामुळे एक स्पेस होती की दहा हे तुमच्या सर्व्हिसला कळायचा प्रश्नच येत नाही. अ‍ॅट्रिब्यूटचा क्रमही तसाच, मागेपुढे झाला तरी अर्थ तोच.

पण अवतरण चिन्हाच्या आत हात लावू नका. काही जण रकाना जुळावा म्हणून स्लेव्ह=" ७" असं लिहितात. आतली ती स्पेस व्हॅल्यूचा भाग आहे, डीटीडी (फाईलीचे नियम सांगायचा जुना प्रकार) नसेल तर जशीच्या तशी प्रोग्रॅमला मिळते. मग तिचा आकडा करताना पायथॉनचा इंट ती गपगुमान गिळतो, डॉटनेटचा पार्सही गिळतो, जावाचा पार्सइंट मात्र थेट नंबरफॉरमॅट एक्सेप्शन फेकतो. पुढे शून्य लावून "००७" करणारेही पाहिलेत, सी मध्ये स्ट्रटोलला बेस ० दिला असेल तर तो आकडा आठाच्या पायात वाचला जातो. ७ ला काही होणार नाही, ०१२ ला मात्र १० होईल, मग बसा शोधत.

टॅबवाला
स्पेस कशाला, टॅब वापरा. संपला विषय.

शेंगाचटणी
टॅबवाला मालक, तुमच्या एडिटरला टॅब चारचा, माझ्या टर्मिनलला आठचा, साइटवरच्या नोटपॅडला पण आठचा. चार धरून जुळवलेलं आठमध्ये उघडलं की जिन्याच्या पायऱ्या. टॅब ओळीच्या सुरुवातीला ठीक, मधे नको.

मूळ प्रश्नावर : मी पुण्याच्या टीमच्या बाजूने. रकान्यांचा खरा त्रास दिसायचा नसतो, बदलायचा असतो. उद्या एका मागाचं थांबा १०००० केलं की त्या रकान्यातल्या सगळ्या ओळींना स्पेस वाढवायला लागते. पंगतीत एकाने पाट सरकवला की अख्ख्या पंगतीने सरकायचं, तसलं. बदललाय एक आकडा आणि डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक दाखवतो त्यात) शंभर ओळी लाल-हिरव्या. रिव्ह्यू करणाऱ्याने त्यातून खरा बदल शोधायचा कसा? वर ब्लेम (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते) बघितलं तर सगळ्या ओळी तुझ्याच नावावर. आणि दोघांनी एकाच दिवशी दोन वेगळे माग बदलले तर मर्ज कॉन्फ्लिक्ट, जिथे खरं तर भांडण नव्हतंच.

पायथॉनच्या पेप ८ मध्ये (कोड कसा लिहावा त्याचे नियम) तर स्पष्ट लिहिलंय की असाइनमेंट जुळवायला जास्तीच्या स्पेस टाकू नका. गूगलची जावा स्टाइल म्हणते चालेल, पण सक्ती कधीच नाही.

एमएचतेरा
@शेंगाचटणी डिफचा मुद्दा मान्य. पण ही फाईल वाचणारा माणूस कोण ते बघा. पुण्याचा डेव्हलपर ती वर्षात एकदा उघडत असेल. शेडमध्ये ती दर आठवड्याला उघडली जाते. कालचंच सांगतो. जॉबर (माग सांभाळणारा मिस्त्री) आला, म्हणाला एकतीस नंबरचा पिक काउंट (आडव्या धाग्यांची मोजणी) पडत नाही. शेडच्या ऑफिसात जो पीसी आहे त्याच्यावर नोटपॅडशिवाय काही नाही, इन्स्टॉल करायची परवानगी नाही. मागे मागांचा खडखडाट, शेजारी जॉबर उभा, कीबोर्डवर कापसाची लव. अशात फाईल उघडली आणि थांबाच्या रकान्यात सगळीकडे ५००, एकाच ठिकाणी ५०. न वाचताच दिसलं, कारण तिथे अवतरण चिन्ह एक घर आत होतं. हेच सगळं चिकटून असतं तर ओळ न् ओळ वाचत बसलो असतो.

अनुस्वार
एमएचतेरा, हे पटलं. मी डेटाबेसवाली आहे, मायग्रेशनच्या फाईली वाचत असते. आकड्यांची लांबी चुकली तर रकान्यात ती खाचेसारखी दिसते. त्याच लांबीचा चुकीचा आकडा असेल तर मात्र रकाने काही मदत करत नाहीत हेही लक्षात घ्या. ५०० च्या जागी ६०० कुणाच्या डोळ्यात भरणार?

शेंगाचटणी
@अनुस्वार तेच म्हणतोय. चूक डोळ्याने शोधायची हौस कशाला? एक्सएसडी लिहा, म्हणजे फाईलीत काय चालेल त्याचे नियम, तपासणी मशीनच करतं. स्लेव्ह नंबर १ ते २४७ मध्येच हवा, मॉडबसचा नियमच आहे, तो मिनइन्क्लुझिव्ह मॅक्सइन्क्लुझिव्हने दोन ओळीत लागतो. थांबा २०० च्या खाली नको, तोही तसाच लागतो. आणि एकाच गेटवेवर दोन मागांना एकच स्लेव्ह नंबर दिला तर काय होतं हे एमएचतेरा सांगतीलच.

एमएचतेरा
दोन्ही मागांची डिव्हाइस एकदम उत्तर देतात, लाईनवर कचरा होतो आणि दोघांचेही काउंट गायब. लई घाण प्रॉब्लेम, कारण वायरमन म्हणतो वायर खराब आणि आपण म्हणतो वायर खराब, वायर मात्र नवी कोरी.

शेंगाचटणी
तर एक्सएसडीत युनिक म्हणून गोष्ट आहे, त्यात गेटवे आणि स्लेव्ह अशी दोन फील्डं एकत्र देता येतात. डुप्लिकेट आला की फाईल व्हॅलिडच होत नाही. शेडपर्यंत जायच्या आधी कळतं. हे एवढं केलं तर रकाने लावा की रांगोळी काढा, माझं काही म्हणणं नाही.

कडकभाकरी
एक्सएमएल टाकून यॅमल करा रे. २०२५ उलटून गेलं, अजून टॅग लिहिताय.

अर्धविराम
यॅमलमध्ये इंडेंटेशनची एक स्पेस हलली की अर्थ बदलतो. नोटपॅड, कापसाची लव आणि जॉबर शेजारी उभा असताना तर नकोच.

कडकभाकरी
बर बर. चिडू नका, गड्ड्याच्या जत्रेला या, भजी देतो.

गड्डाप्रेमी
गड्डा जानेवारीत आणि हा भजी आत्ता देतोय 😄 एक अडाणी प्रश्न : वर मराठीत टॅग लिहिलेत, माग, क्र वगैरे. हे खरंच चालतं? का नुसतं दाखवायला?

अर्धविराम
चालतं. पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी अक्षरं नावात चालतात, एलिमेंटच्या पण आणि अ‍ॅट्रिब्यूटच्या पण. नाव आकड्याने किंवा सुट्या मात्रेने सुरू व्हायला नको. फाईल यूटीएफ ८ मध्ये सेव्ह करा म्हणजे झालं. मात्र व्हॅल्यूत देवनागरी आकडे लिहून ते प्रोग्रॅम वाचेल हे गृहीत धरू नका. पायथॉनचा इंट आणि जावाचा पार्सइंट देवनागरी ७ वाचतात, सगळे वाचत नाहीत.

गड्डाप्रेमी
आयला. आमच्या सरांनी व्हायवाला "नाही चालत" म्हणून मार्क कापले होते.

हॉटगीरोड
टूलबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

एक्सएमएललिंट फॉरमॅट लावून चालवला की तो फाईल पार्स करतो आणि परत लिहितो. पार्स झाल्यावर स्पेस उरलेल्याच नसतात (अर्धविराम म्हणाले तसं), त्यामुळे लिहिताना प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटमधे एकच स्पेस येते. पुण्याची टीम असलंच काही चालवत असणार. त्याला रकाने राखा असं सांगायची सोयच नाही, बिचाऱ्याला ते माहीतच नाहीत.

एडिटरवाले फॉर्मॅटर वेगळे, ते मजकुरावर काम करतात. व्हिज्युअल स्टुडिओत एक्सएमएलच्या सेटिंगमध्ये हाताने लावलेलं फॉर्मॅटिंग तसंच ठेवा असा पर्याय आहे, आणि प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूट नव्या ओळीवर घेऊन जुळवा असाही आहे. व्हीएस कोडमध्ये रेड हॅटचं एक्सएमएल एक्स्टेन्शन आहे, त्यात स्प्लिट अ‍ॅट्रिब्यूट्स नावाचं सेटिंग, त्याला प्रिझर्व्ह दिलं की ओळी जिथे तोडल्यात तिथेच ठेवतो. इंटेलिजेत फॉर्मॅटर ऑफ आणि ऑन अशा दोन कॉमेंट टाकून मधला तुकडा वाचवता येतो. व्हिमवाल्यांसाठी ईझी अलाइन, ईमॅक्सवाल्यांसाठी अलाइन रेजेक्स्प. लिनक्सवर कॉलम कमांडला टी फ्लॅग देऊन पण रकाने पडतात पण ती स्पेसवर तोडते, व्हॅल्यूत "शेड २" असं काही असलं की वाट लागली.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, इथे "जुळवणं" म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी चालल्यात. एक, एकाच टॅगचे अ‍ॅट्रिब्यूट एकाखाली एक, प्रत्येक नव्या ओळीवर. टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये कनेक्टर बघा, पोर्टच्या बरोबर खाली पुढचे अ‍ॅट्रिब्यूट लावलेत. हे बहुतेक फॉर्मॅटरना जमतं. दुसरं, अनेक टॅगमधले तेच तेच अ‍ॅट्रिब्यूट रकान्यात. मूळ प्रश्न हा दुसरा आहे आणि हे रेडीमेड फार कमी जणांना जमतं.

टॅबवाला
इलॅस्टिक टॅबस्टॉप म्हणून आयडिया आहे. २००६ ची. एडिटरच टॅबची रुंदी रकान्याप्रमाणे ठरवतो. गो भाषेच्या गोएफएमटीने तेच तत्त्व घेतलंय, स्ट्रक्टचे फील्ड आपोआप रकान्यात लावतो, फक्त शेवटी खऱ्या स्पेस लिहितो. म्हणजे मी अगदीच चूक नव्हतो.

शेंगाचटणी
मान्य मालक, पण शेडच्या नोटपॅडला २००६ ची आयडिया अजून पोचली नाही.

ऊसवाला_माढा
इकडं साखर कारखान्यात वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बघतो. आमच्याकडं उलट अनुभव. तिथल्या एक्सएमएलमध्ये प्रत्येक टॅगला वेगळेच अ‍ॅट्रिब्यूट, एकाला बॉड रेट, एकाला फाईल पाथ, एकाला लांबलचक कनेक्शन स्ट्रिंग. आधीच्या व्हेंडरच्या पोराने हौसेने सगळं रकान्यात लावलेलं. कनेक्शन स्ट्रिंग एवढी लांब की शेवटचा रकाना बघायला स्क्रोल करत करत पंढरपूरला पोचायचो. ओळीच्या सुरुवातीला कुठला टॅग होता तेच विसरायचं. मी सगळं मोडून प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूट वेगळ्या ओळीवर केलं. डिफ पण सुटसुटीत, बदलला एक तर दिसतो एक.

तुमच्या फाईलीत सगळ्या ओळींना तेच अ‍ॅट्रिब्यूट, त्याच क्रमाने, छोटे आकडे. तिथं रकाने शोभतात. आमच्याकडं नाही शोभत.

अनुस्वार
ऊसवाल्यांशी सहमत. एमएचतेरांना एक युक्ती सांगते, गोएफएमटीच करतो ती : मधे रिकामी ओळ आली की रकान्यांचा हिशेब तिथे संपतो आणि पुढचा गट नव्याने सुरू होतो. तुम्ही गेटवेनुसार गट पाडा, मधे एक रिकामी ओळ आणि कॉमेंट. मग एका मागाचं थांबा वाढलं तर त्या गेटवेवरचेच माग हलतील, बाकी शेड जागेवर. डिफचा निम्मा त्रास तिथेच जातो.

उरलेल्याला गिट डिफला डब्ल्यू फ्लॅग द्या, स्पेसचे बदल दाखवतच नाही. ब्लेमलाही तोच चालतो. पहिल्यांदा सगळी फाईल लावायचा जो मोठा कमिट असेल त्याचा हॅश (कमिटचा नंबर) इग्नोर रेव्हच्या फाईलीत (ब्लेमने सोडून द्यायच्या कमिटची यादी) टाका, गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून ती सोय आहे. म्हणजे "सगळं तुझ्या नावावर" हा शेंगाचटणींचा मुद्दा पण मिटला.

शेंगाचटणी
मिटला म्हणजे मिटवला तुम्ही. ठीक आहे.

एमएचतेरा
गटाची आयडिया भारी आहे. पण आता खरा घोळ सांगतो. सुपरवायझरना प्रत्येक ओळीत जागेचं नाव मराठीत पाहिजे, कारण त्यांना मागाचा नंबर नाही, जागा कळते. "स्वामी शेड कोपरा", "जुना हॉल", "बॉयलरमागे" असली नावं. मी ते क्रच्या नंतर घातलं आणि त्याच्या पुढचं सगळं वाकडं तिकडं. एडिटर म्हणतो कर्सर कॉलम ३४ ला आहे, डोळ्याला दिसतो भलतीकडेच. मोनोस्पेस फॉन्ट आहे तरी. आणि मागच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली फाईल तर आकड्यांचेही रकाने गेले, ती वेगळीच भानगड.

हॉटगीरोड
व्हॉट्सअ‍ॅपचं सोपं आहे, मजकुराच्या आधी आणि नंतर तीन तीन बॅकटिक टाका, मोनोस्पेस होतं. पण मोबाईलच्या रुंदीत ओळ तुटणारच.

अर्धविराम
मराठीचं मात्र सोपं नाही. "स्वामी" घ्या. डोळ्याला दोन अक्षरं, स्वा आणि मी. युनिकोडच्या हिशेबाने कोडपॉइंट ६ : स, हलन्त, व, काना, म, दीर्घ वेलांटी. यूटीएफ ८ मध्ये बाइट १८. आता रकाना लावणारं टूल यातलं काय मोजतं? पायथॉनचा लांबी मोजणारा लेन ६ सांगणार, बाइट मोजणारी ऑकसारखी टूल १८ सांगणार, आणि स्क्रीनवर जागा किती खाल्ली हे तिसरंच. वर बहुतेक मोनोस्पेस फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच, सिस्टिम दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं उचलते आणि तो फॉन्ट मोनोस्पेस नसतो. जोडाक्षराला दीड घर, ई ला वेगळं, ळ ला वेगळं. स्पेस पूर्ण घराच्याच असतात, त्यामुळे अर्ध्या घराची तूट कितीही स्पेस टाकून भरत नाही. टर्मिनल बदललं की परत वेगळं.

एमएचतेरांनी वर दिलेला नमुना जुळलाय कारण नावं प्रत्येक ओळीत तीच आहेत आणि बदलतात ते फक्त आकडे. "स्वामी" आणि "बॉयलरमागे" एकाच रकान्यात आले की खेळ खलास.

गड्डाप्रेमी
म्हणजे मराठी माणसाने रकाने लावूच नयेत?

अनुस्वार
लावावेत की. मराठी नाव शेवटी टाका. अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम पार्सरला सारखाच, हे अर्धविराम पहिल्याच उत्तरात म्हणाले. शेवटच्या रकान्याच्या पुढे जुळवायला काही उरतच नाही, मग नाव कितीही रुंद असू दे :

```
<माग क्र="७"   स्लेव्ह="७"  थांबा= "५००" जागा="स्वामी शेड कोपरा" />
<माग क्र="११२" स्लेव्ह="१२" थांबा="१५००" जागा="बॉयलरमागे" />
```

थांबा मध्ये एक गंमत केलीय बघा, स्पेस बरोबरच्या चिन्हानंतर, अवतरणाच्या बाहेर टाकली. आकडे उजवीकडे जुळले आणि व्हॅल्यू स्वच्छ राहिली. एमएचतेरांचा तो ५० वाला असता तर पुढची बाजूच दोन घरं रिकामी दिसली असती.

एमएचतेरा
अनुस्वार ताई, हे बेस्ट. जागा शेवटी टाकली की सुपरवायझरलाही बरं, उजवीकडे सलग वाचत जाईल.

शेंगाचटणी
चला, मी पण थोडा हलतो. लावा रकाने, पण हाताने लावू नका. हाताने लावलेला रकाना पहिल्या घाईत मोडतो आणि मोडका रकाना हा रकाना नसण्यापेक्षा वाईट, कारण डोळा त्याच्यावर विश्वास ठेवतो. पुण्याच्या टीमशी भांडताना "मला असं आवडतं" म्हणू नका, "या फाईलीचा फॉर्मॅटर हा आहे, तुमच्यासारखाच कमिटला चालतो, कुणीही चालवला तरी तेच निघतं" असं म्हणा. त्यांची तक्रार व्हाइटस्पेसवर नाही, दर वेळी वेगळ्या येणाऱ्या व्हाइटस्पेसवर आहे.

ऊसवाला_माढा
मुळात टेबलच आहे तर एक्सेलमध्ये ठेवा, सीएसव्ही काढा, त्याच्यातून एक्सएमएल जनरेट करा. आम्ही तसंच करतो आता.

एमएचतेरा
विचार केला होता मालक. शेडमध्ये घाईत एक आकडा बदलायचा तर लोक थेट एक्सएमएलच उघडणार, सीएसव्ही मागे राहणार, आणि पुढच्या जनरेटला तो बदल पुसला जाणार. खरी फाईल एकच पाहिजे.

शेंगाचटणींचं म्हणणं पटलं. पुण्यात आज बोललो, ही एक फाईल त्यांच्या फॉर्मॅटरमधून वगळायला तयार आहेत, अट तीच, की त्याजागी दुसरी स्क्रिप्ट पाहिजे आणि एक्सएसडी पण. बाकीच्या कॉन्फिग त्यांच्याच पद्धतीने, मला काही अडचण नाही. स्क्रिप्ट पायथॉनमध्ये लिहू का? एलिमेंटट्रीने (पायथॉनची एक्सएमएल लायब्ररी) वाचून लिहिणार होतो.

अर्धविराम
एलिमेंटट्री नको. तो कॉमेंट टाकून देतो, म्हणजे अनुस्वार ताईंनी गटांवर टाकायला सांगितलेल्या कॉमेंट पहिल्याच रनला जातील. शिवाय ३.८ च्या आधीचं पायथॉन असेल तर अ‍ॅट्रिब्यूट वर्णानुक्रमाने लावून ठेवतो, जागा शेवटी ठेवायचा सगळा खटाटोप वाया. ओळ न् ओळ मजकूर म्हणूनच वाचा. ओळ "<माग" ने सुरू होऊन "/>" ने संपत असेल तरच हात लावायचा, बाकी जशीच्या तशी सोडायची. रिकामी ओळ किंवा कॉमेंट आली की गट बंद. लिहून झालं की जुनी आणि नवी फाईल दोन्ही पार्स करून अ‍ॅट्रिब्यूट तेच आहेत ना बघायचं, नसतील तर फाईल सेव्हच करायची नाही.

आणि शेवट शोधताना नुसता ">" शोधू नका. व्हॅल्यूच्या आत ">" उघडा लिहिलेला चालतो, "<" चालत नाही. कुणी जागा="हॉल > कोपरा" लिहिलं की स्क्रिप्ट तिथेच ओळ संपली समजेल.

एमएचतेरा
सुपरवायझर नक्की लिहिणार तसं. सिंगल कोटवाल्या ओळी पण आहेत चार-दोन, त्यांचं काय करू? डबल करून टाकू का?

अर्धविराम
आत डबल कोट नसेल तर करा. असेल तर सिंगलच ठेवा, जागेच्या नावात कुणीतरी इंच लिहिलेला असतो.

एमएचतेरा
आहे. "७२ इंची माग" ला ७२ आणि पुढे डबल कोट. सिंगलच ठेवतो.